दुसऱ्या अपत्यासाठी उपचार आणि 2021 चे दोन कायदे

भारतात पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म 1978 मध्ये कोलकात्यात झाला आणि काटेकोर शास्त्रीय नोंदींसह मान्यता मिळालेला जन्म 1986 मध्ये मुंबईत झाला. त्यानंतर सुमारे साडेतीन दशके या उपचारांसाठी कायदा नव्हता. 2005 ची मार्गदर्शक तत्त्वे होती, पण ती बंधनकारक नव्हती. दुसऱ्या अपत्यासाठी आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणे) करावे, थेट आयव्हीएफकडे (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडणे, म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबी) वळावे की दात्याचे बीज (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) घ्यावे, हे स्त्रीचे वय, गर्भनलिकांची स्थिती, वीर्यतपासणीचा अहवाल आणि खर्च पाहून ठरत असे.

जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या दोन कायद्यांनी या निवडीची चौकट बदलली: एक आयव्हीएफसारख्या सहाय्यक प्रजनन तंत्रांविषयीचा, दुसरा सरोगसीविषयीचा (जोडप्याचे मूल दुसऱ्या स्त्रीने गर्भाशयात वाढवणे). आयव्हीएफसाठी पहिले अपत्य असणे आड येत नाही. दोघांचे वय 21 पेक्षा अधिक आणि स्त्रीचे 50 पेक्षा, पुरुषाचे 55 पेक्षा कमी असावे, अशी मर्यादा आहे. मात्र स्त्रीबीज देणारी स्त्री आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे घेता येत नाहीत. त्यामुळे दोन्ही भावंडांसाठी एकच दाती हवी असेल, तर पहिल्या वेळचे भ्रूण गोठवून ठेवलेले असणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि तो साठाही जास्तीत जास्त दहा वर्षेच ठेवता येतो.

खरा वाद आहे तो सरोगसीच्या कायद्यातील एका अटीविषयी. जोडप्याला जन्माने, दत्तक विधानाने किंवा सरोगसीने झालेले हयात अपत्य असेल, तर त्यांना सरोगसीची परवानगी मिळत नाही. अपवाद फक्त शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्या किंवा कायमचा इलाज नसलेल्या जीवघेण्या आजाराच्या अपत्याचा, आणि त्यासाठीही जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला लागतो. पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव न थांबल्याने जिचे गर्भाशय काढावे लागले, तिचे बीजकोश शाबूत असले तरी स्वतःच्या बीजापासून दुसरे मूल होण्याचा कायदेशीर मार्ग या अटीने बंद होतो. सरोगेट मातेच्या शरीरावर येणारा भार आणि पैशांच्या गरजेपोटी गरीब स्त्रियांचे होणारे शोषण, ही बंधनामागची कारणे गंभीर आहेत, यात शंका नाही. परंतु व्यावसायिक सरोगसीवर याच कायद्याने बंदी आल्यानंतर, पहिल्या अपत्यासाठी स्वीकारार्ह मानलेला तोच भार दुसऱ्यासाठी अस्वीकारार्ह का, याचे समाधानकारक उत्तर त्यातून मिळत नाही. लोकसंख्येचे कारणही पटणारे नाही. ज्या शासनव्यवस्थेने अनेक वर्षे दोन मुलांच्या कुटुंबाचा प्रचार केला, तिनेच या जोडप्यांना एकावर थांबवले आहे, आणि तेही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण प्रजनन दर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) 2.0 व महाराष्ट्राचा 1.7 वर आलेला असताना.

2023 मध्ये सरोगसीत दात्याच्या बीजावर आलेली बंदी न्यायालयीन लढ्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये शिथिल झाली. वैद्यकीय कारण असल्यास आता एक बीज दात्याचे चालते, दुसरे जोडप्याचेच असावे लागते. हयात अपत्याच्या अटीला या दुरुस्तीने हात लावला नाही. त्या अटीलाही न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.