पुलोरम रोग व कोंबडीचा टायफॉइड : प्रयोगशाळेतील निदान

कोंबड्यांतील हे दोन्ही रोग साल्मोनेला कुळातल्या जिवाणूंमुळे होतात. पुलोरम प्रामुख्याने पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या पिल्लांना मारतो आणि पांढऱ्या हगवणीमुळे ओळखला जातो. टायफॉइड मोठ्या पक्ष्यांतही मर घडवतो. मात्र हगवण, मरगळ आणि सुजलेले यकृत इतर अनेक संसर्गांतही दिसते, त्यामुळे शवविच्छेदनावरून फक्त संशय घेता येतो. खात्री जिवाणू वाढवूनच होते.

निदान बिघडते ते बहुतेकदा नमुना घेतानाच. पाण्यातून प्रतिजैविक सुरू केल्यावर आणलेल्या पक्ष्यातून जिवाणू सहसा वाढत नाही. म्हणून औषधाआधी दोन-तीन आजारी पक्षी किंवा ताजे मृत पक्षी बर्फात ठेवून, पण न गोठवता, पाठवावेत. महाराष्ट्रात पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागात अशी तपासणी होते. शव कुजले असेल तर हाडातला मगज घ्यावा, कारण आतड्यातले जिवाणू तिथे उशिरा पोचतात. पिल्लात यकृत, प्लीहा व न शोषलेला बलक. अंड्यावरच्या कोंबडीत बीजांडकोश महत्त्वाचा, कारण रोगवाहक मादी वरून निरोगी दिसते आणि संसर्ग अंड्यातून पिल्लांत उतरतो.

अवयवाचा पृष्ठभाग तापलेल्या सुरीने डागून आत लूप (तारेचे छोटे वेटोळे) घालतात व मॅकाँकी आगर या जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमाच्या प्लेटवर रेघा ओढतात. सोबत एक भाग नमुना दहा भाग सेलेनाइट ब्रॉथमध्ये (साल्मोनेला वाढवणारे द्रव माध्यम) ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. २४ ते ४८ तासांत प्लेटवर साल्मोनेलाच्या रंगहीन वसाहती (जिवाणूंचे ठिपके) दिसतात, ई. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूच्या गुलाबी. पुलोरमच्या वसाहती बारीक असतात, त्यामुळे प्लेट २४ तासांतच फेकू नये. दोन्ही जिवाणू अचल आहेत. त्यामुळे हालचालीवर बेतलेली अर्धघन माध्यमे इथे चालत नाहीत आणि इतर साल्मोनेलासाठी उत्तम ठरणारी पद्धत नेमकी हाच रोग चुकवते.

पुढची ओळख जैवरासायनिक. यूरिएज व इंडोल या चाचण्या नकारात्मक असतात. टीएसआय नळीत (तीन साखरा व लोह असलेले माध्यम) तिरपा भाग लाल, तळ पिवळा. पुलोरममध्ये वायूचे बुडबुडे येतात, टायफॉइडमध्ये नाहीत. डल्सिटॉल हा साखरेसारखा पदार्थ टायफॉइडचा जिवाणू आंबवतो, पुलोरमचा नाही. ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज या विकराची चाचणी उलट : पुलोरममध्ये सकारात्मक, टायफॉइडमध्ये नकारात्मक. प्रतिसीरमाने (या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे असलेले सीरम) स्लाइड चाचणी करताना बाजूला मिठाच्या पाण्यातला थेंब हवाच. खडबडीत वसाहती आपोआप गोळा होतात आणि चुकीचा होकार देतात.

कळप तपासायचा असेल तर रंगीत प्रतिजनाची (रंगवलेल्या मृत जिवाणूंचे द्रावण) रक्तचाचणी सोयीची. पांढऱ्या टाइलवर ०.०२ मिलि प्रतिजन व तेवढेच ताजे रक्त मिसळून टाइल हलवतात आणि दोन मिनिटांत निकाल वाचतात. जांभळे पुंजके म्हणजे होकार. दोन मिनिटांनंतर थेंब कडेने सुकू लागतो व पुंजक्यांचा भास होतो. प्रतिजन फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला आणावे, बाटली हलवावी, आणि ज्ञात सकारात्मक व नकारात्मक सीरम शेजारी ठेवावे. चार महिन्यांखालच्या पक्ष्यांत निकालावर विसंबू नये. टर्कीत ही चाचणी भरवशाची नाही. साल्मोनेला एंटेरिटिडिसचा संसर्ग किंवा टायफॉइडची लस यांमुळेही होकार येऊ शकतो. म्हणून होकार आलेल्यांपैकी काही पक्षी कापून जिवाणू वाढवून बघतात, आणि उरलेल्या कळपाची तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात.