सौदा-कीर्द, जाहीर

सौदा-कीर्द, जाहीर : आधी लिहून ठेवलेल्या नियमांनुसार केलेल्या अल्पमुदती शेअर-सौद्यांची, इतरांना वाचता व पडताळता येईल अशी तारीखवार नोंद. ‘अल्पमुदत’ हा शब्द येथे सैल अर्थाने घ्यावा. त्याच दिवशी उलटवलेल्या इंट्राडे सौद्यापासून तीन-चार आठवडे धरलेल्या स्विंग सौद्यापर्यंत सारे त्यात बसते. खासगी टाचणवहीहून तिचे वेगळेपण एवढेच की, तोट्याचे पान फाडता येत नाही.

बोलण्यात ‘ट्रेडिंग जर्नल’ किंवा ‘रोजनिशी’ हीच नावे येतात. रोजनिशी हा शब्द फार्सी ‘रोज’ आणि ‘नवीस’ (लिहिणारा) यांवरून आला. फडणिशी, चिटणिशी ही त्याचीच भावंडे. ‘कीर्द’ शब्दाची वाट अधिक वाकडी आहे. तो फार्सी ‘कर्दन’ (करणे) या धातूशी जोडण्याचा प्रघात आहे. पण जुन्या मराठी महसुली कागदांत कीर्द म्हणजे जमिनीची लागवड, तर हिशेबात कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची पहिली वही, जिच्यावरून पुढे खतावणी उतरते. हे दोन अर्थ एकातून दुसरा फुटले की फार्सीतूनच वेगवेगळे आले, यावर मतभेद होऊ शकतो. ‘केलेले काम’ हा मूळ अर्थ दोन्हींना पुरतो, म्हणून पहिली शक्यता बरी वाटते. प्रस्तुत नोंदीत कीर्द हा शब्द मुद्दाम घेतला आहे. रोजनिशीत लिहिणाऱ्याच्या मनाला जागा असते. कीर्दीत चुकलेली रक्कम खोडत नाहीत, उलट नोंद घालून दुरुस्त करतात.

प्रथेचा उगम जपानी तांदूळ-व्यापारी होम्मा मुनेहिसा (१८ वे शतक) याच्यापर्यंत नेण्याची हौस आढळते. ओसाकाच्या दोजिमा तांदूळबाजाराला १७३० मध्ये अधिकृत मान्यता मिळाली आणि होम्माचे नाव तिथल्या व्यापाराशी निगडित आहे, इतके मान्य व्हावे. मात्र मेणबत्तीसारखे दिसणारे आजचे कँडलस्टिक आलेख त्यानेच काढले, हे मत मागे पडत चालले असून ते बहुधा १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातील, मेइजी काळातील असावेत. ‘पद्धती’ची, म्हणजे अंदाजाऐवजी यांत्रिक नियमाने सौदा करण्याची कल्पना अमेरिकी वायदेबाजारातून आली असे मानणे अधिक सुरक्षित आहे. रिचर्ड डॉनचिअन याचा चार आठवड्यांच्या उच्चांक-नीचांकाचा नियम तिचा ठळक टप्पा. १९८३ मध्ये शिकागोत रिचर्ड डेनिस व विल्यम एकहार्ट यांनी ‘टर्टल’ नावाच्या नवशिक्यांना शिकवलेली पद्धत त्याच घराण्यातली : २० दिवसांचा उच्चांक ओलांडल्यावर खरेदी, १० दिवसांचा नीचांक तुटल्यावर विक्री, आणि भावाच्या सरासरी रोजच्या हालचालीवरून सौद्याचा आकार.

कीर्दीतील नोंद सौद्यापूर्वी व सौद्यानंतर अशी दोनदा होते. आधी नियमाचे नाव, खरेदीचा भाव, स्टॉपलॉस (ज्या भावाला तोटा पत्करून बाहेर पडायचे तो) आणि संख्या. नंतर प्रत्यक्ष भाव, दलाली-कर वजा जाता निकाल. संख्या जोखमीवरून ठरते. ५ लाख रुपयांच्या भांडवलावर एका सौद्यात १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये गमावण्याची तयारी असेल आणि ४२० ला घेतलेल्या शेअरचा स्टॉपलॉस ४०५ वर असेल, तर दर शेअरमागे १५ रुपयांच्या हिशेबाने ३३३ शेअर येतात. ही ५,००० ची जोखीम एक एकक धरून सर्व निकाल त्याच मापात लिहितात, म्हणजे महाग व स्वस्त शेअरची तुलना होते. शंभरांत ४० सौदे यशस्वी, त्यांचा सरासरी नफा २.२ एकके आणि अपयशी सौद्यांचा तोटा १ एकक असल्यास दर सौद्यामागे ०.२८ एकक उरते. ऐकायला हे गोड आहे. पण याच पद्धतीत १०० सौद्यांत सलग सहा तोटे एकदा तरी लागण्याची शक्यता ८० टक्क्यांहून अधिक असते, आणि बहुतेक कीर्दी त्या सहाव्या तोट्याच्या आसपास बंद पडतात. खालच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला, अडकून घेणारा न उरलेल्या शेअरमध्ये स्टॉपलॉस कागदावरच राहतो. स्टॉपलॉसच्या खाली झालेली ती घसरणही प्रामाणिक कीर्दीत दिसायला हवी.

इंदूरला सौद्याची सवय जुनी. माळव्याची अफू, मग कापूस, आणि अलीकडे सोयाबीन. सर हुकुमचंद (१८७४–१९५९) यांच्या कापूस-सट्ट्याच्या आठवणी शहरात अजून निघतात. येथील शेअरबाजार १९१९ चा, पुढे मध्य प्रदेश स्टॉक एक्स्चेंज म्हणून ओळखला गेलेला. राष्ट्रीय शेअरबाजाराचे पडद्यावरील व्यवहार १९९४ मध्ये सुरू झाल्यावर प्रादेशिक बाजार ओस पडले. वर्षाला १,००० कोटींची उलाढाल नसलेल्या बाजारांना शेअरबाजाराची नियामक संस्था सेबीने २०१२ च्या परिपत्रकाने बाहेरची वाट दाखवली; इंदूरचा बाजार २०१५ मध्ये मिटला. बाजाराच्या रिंगणात सौदा ओरडून होई, चार कान ऐकत. रामबाग किंवा राजवाड्याच्या मराठी घरात बसून मोबाइलवर केलेल्या सौद्याला असा साक्षीदार नसतो. जाहीर कीर्द ती उणीव भरून काढते. येथील मराठीत हिंदीची सरमिसळ असल्याने ‘तोटा’ व ‘घाटा’ एकाच पानावर शेजारी दिसल्यास नवल नाही.

दुसरी बाजूही इंदूरचीच. नोंदणीविना शेअर-टिपा विकणाऱ्या येथील अनेक संस्थांवर सेबीने आदेश काढले आहेत. गुंतवणूक सल्लागारांचे नियम २०१३ चे व संशोधन-विश्लेषकांचे २०१४ चे आहेत. २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने तर केवळ शिक्षण देणाऱ्यांनाही लगतच्या तीन महिन्यांतील भाव वापरून शेअरविषयी बोलण्यास मनाई केली. पूर्ण झालेल्या सौद्याची नोंद आणि उद्याच्या खरेदीची सूचना यांतील सीमा त्यामुळे अरुंद झाली असून, उशिराने उघड केलेली कीर्द हाच निर्धोक प्रकार ठरतो. परंतु उशीर म्हटला की सोयीचे सौदे तेवढे निवडून दाखवण्याची मुभा आली. म्हणून नोंद आधी सीलबंद करून तिऱ्हाइताकडे ठेवावी आणि मुदत संपल्यावर फोडावी, हा तोडगा त्यातल्या त्यात बरा.

रोखविभागात (वायदे-विकल्प सोडून प्रत्यक्ष शेअरच्या व्यवहारात) इंट्राडे सौदे करणाऱ्या दहांपैकी सात व्यक्तींना २०२२-२३ मध्ये तोटा झाला, असे सेबीच्या पाहणीत आढळले. आयकरात इंट्राडेचे उत्पन्न सट्टा-व्यवसायाचे गणतात. सूचीबद्ध शेअर बारा महिन्यांच्या आत विकल्यास होणाऱ्या अल्पमुदती भांडवली नफ्यावरील दर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के आहे. कीर्द व दलालाची कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची अधिकृत पावती) यांत तफावत पडल्यास कॉन्ट्रॅक्ट नोटच ग्राह्य.