बर्फावरून उड्डाण: इंजिनाचा प्रश्न सुटला, पंखांचा राहिला

२१ फेब्रुवारी १९२४ रोजी कार्ल बेन आयल्सन यांनी अलास्कातल्या फेअरबँक्सहून मॅकग्राथला विमानाने टपाल नेले. कुत्र्यांच्या गाडीला आठवडे लागत, ते अंतर त्यांच्या डीएच-४ विमानाने तीनेक तासांत कापले. चाकांऐवजी स्की, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या पट्ट्या, होत्या. परतताना अंधार पडला आणि उतरताना विमानाचे नुकसान झाले. असे वारंवार होऊ लागल्यावर टपाल खात्याने तो करार थांबवला.

त्या काळी खरी डोकेदुखी इंजिनाची. मुक्काम पडला की वैमानिक तेल काढून डब्यात भरत, रात्रभर उबेला ठेवत. सकाळी इंजिनावर जाड कापडाचा तंबू टाकून खाली स्टोव्ह पेटवायचा आणि तापवलेले तेल पुन्हा ओतायचे. तंबूने पेट घेतला की विमानही जायचे, म्हणून स्टोव्हपाशी कोणीतरी बसून राही. विजेचे हीटर आले आणि हा धोका बराच कमी झाला.

स्कीचा त्रास मात्र आजही तोच आहे. धावून गरम झालेल्या स्कीखालचे बर्फ वितळते आणि थांबताच गोठून स्कीला धरून बसते. म्हणून विमान फांद्यांवर किंवा फळ्यांवर उभे करतात. गोठलेल्या तळ्यावर आणखी एक फसवणूक असते. वरच्या हिमाच्या भाराने बर्फ दबते, भेगांतून पाणी वर येते आणि हिमाच्या पांघरुणाखाली कडाक्याच्या थंडीतही पातळ राहते. त्यात स्की गेली की पाणी आणि हिमाचा चिखलासारखा लगदा चिकटतो, वेग वाढतच नाही आणि तळ्याचा काठ जवळ येतो. यावर जुनाच उपाय आहे: हिमपादुका घालून पट्टा तुडवायचा, तो रात्रभर घट्ट होऊ द्यायचा आणि पहिल्या फेरीत न उडता फक्त धावून पाहायचे.

सर्वांत उशिरा गांभीर्याने घेतले गेले ते पंखावरचे गोठलेले दव, म्हणजे फ्रॉस्ट. सँडपेपरइतका खरखरीत थर लिफ्ट (विमान उचलणारे बल) ३० टक्क्यांपर्यंत घटवतो आणि ड्रॅग (हवेचा विरोध) ४० टक्क्यांपर्यंत वाढवतो. विमान उठते, पण जमिनीलगतच्या हवेच्या आधारावर. पंखांच्या लांबीइतकी उंची गाठेपर्यंत तो आधार सुटतो आणि समोर झाडे असतात. स्टॉलची, म्हणजे पंखाची लिफ्ट ढासळण्याची, सूचना देणारी घंटा स्वच्छ पंखावर बेतलेली असते, त्यामुळे ती वाजण्याआधीच पंख हार मानतो.

तरीही फ्रॉस्ट घासून गुळगुळीत केला की उडायला हरकत नाही, अशी सवलत अमेरिकेच्या विमान नियमांत होती. किती गुळगुळीत, हे कोण ठरवणार? ही पळवाट काढून टाकण्याचा निर्णय २००९ साली झाला. धावपट्टी नसलेल्या ठिकाणी डीआयसिंगची, म्हणजे पंखांवरचे बर्फ काढणारी, गाडी येत नाही. तिथे रात्री पंखांवर चढवलेली कापडी खोळ, मऊ झाडू आणि शेवटी हातमोजा काढून पंखाच्या पुढच्या कडेवरून फिरवलेली बोटे, एवढीच साधने असतात.