वकीलसाहेबांच्या पक्षकारांसाठी : तुमची फाइल, तुमची तारीख आणि पुढचं काम

सप्रेम नमस्कार.

तुमचे वकीलसाहेब, आमचे अण्णा, गेल्या महिन्यात वयाच्या ८७ व्या वर्षी गेले. दिवसकार्यापर्यंत घरी आणि नंतर कार्यालयात इतकी माणसं येऊन गेली, की प्रत्येकाशी नीट बोलणं झालं नाही. निघताना बऱ्याच जणांनी दबक्या आवाजात विचारलं, "ताई, आमच्या केसचं आता काय?" विचारताना संकोच वाटत होता, हेही दिसत होतं. संकोच करू नका. अण्णा असते तर त्यांनीही आधी हेच विचारलं असतं. म्हणून हे पत्रक. ही जाहिरात नाही, वकिलाला ती करताही येत नाही. ज्यांची कामं आपल्या कार्यालयात आहेत, त्यांच्यापुरतीच ही माहिती आहे.

वकीलपत्र

तुम्ही अण्णांना दिलेलं वकीलपत्र त्यांच्या निधनाबरोबर संपलं. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३, नियम ४ मध्ये तसं स्पष्ट आहे. ज्या कामांत त्याच वकीलपत्रावर माझीही सही आहे, ती कामं मी पुढं चालवते आहे. तिथं तुम्ही काही करायची गरज नाही. पण जुन्या दाव्यांत, विशेषतः वाटपाच्या आणि दरखास्तीच्या (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या) कामांत, एकट्या अण्णांचीच सही आहे. तिथं नवीन वकीलपत्र दाखल करावं लागेल. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प आणि वकील कल्याण निधीचा स्टॅम्प लागतो, तो आम्ही आणून ठेवला आहे. तुम्ही आधार कार्ड घेऊन सहीला या.

नवीन वकीलपत्र आम्हालाच द्यायला हवं असं मुळीच नाही. दुसरे वकील करायचे असतील तर मोकळेपणानं करा, आमच्या ना-हरकतीची वाट बघू नका. फाइल तुमच्या हातात देऊ, आणि नव्या वकिलांना काही विचारायचं असेल तर मी त्यांच्याशी बोलेन.

कागद तुमचे आहेत

अण्णांनी १९६३ साली सनद घेतली आणि कराडच्या कोर्टात उभे राहिले. कुळकायद्याच्या ३२ग च्या (कुळानं घ्यायच्या जमिनीची किंमत ठरवण्याच्या) चौकशा, कोयना धरणात गेलेल्या जमिनींचे मोबदले, १९६७ च्या भूकंपानंतर पडक्या घरांच्या हद्दीवरून उठलेले वाद, हे सगळं त्यांच्या हातून गेलं. त्या काळचे कागद अजून आपल्या लोखंडी कपाटात आहेत : मोडी दस्त, हातानं लिहिलेले सातबारे, कुळानं जमीन घेतल्याची ३२म ची प्रमाणपत्रं, जुने फेरफार. प्रत्येक फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर अण्णांच्या अक्षरात यादी आहे : मूळ कागद किती, नकला किती, कोर्टात काय दाखल आहे. यादीच्या खाली पक्षकाराची सही किंवा अंगठा. कागद घेताना ते तुमच्यासमोर मोजून घ्यायचे आणि यादी मोठ्यानं वाचून दाखवायचे, हे तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल.

निकाल लागून संपलेल्या कामांचे मूळ कागद आम्ही परत देत आहोत. त्याच यादीवर टिकमार्क करून घ्या. फी बाकी आहे म्हणून कुणी थांबू नये. वकिलाला फीपोटी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली सांगितलं. अण्णांनी त्याआधीही कधी अडवले नव्हते. त्यांच्या फीच्या वहीत काही नावांपुढं रक्कम नाही, नुसतं "सुगीनंतर" लिहिलं आहे. काही नोंदी वीस-वीस वर्षांच्या आहेत. त्या नावांकडं आम्ही काहीही मागणार नाही.

मृत्युपत्रं मात्र टपालानं किंवा दुसऱ्या कुणाच्या हाती दिली जाणार नाहीत. ज्यांनी ती अण्णांकडं ठेवली, त्यांनी स्वतः येऊन पाकीट बघावं. दोन साक्षीदारांपैकी कुणी वारलं असेल तर नवीन मृत्युपत्र करणं चांगलं, कारण पुढं ते शाबीत करताना साक्षीदार लागतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी आमचा सल्ला ती करावी असाच आहे.

बहिणींच्या सहीबद्दल

हे थोडं सविस्तर लिहिते, कारण यावरून आपल्या कार्यालयात अनेकांचा वेळ गेला आणि काहींना रागही आला.

हक्कसोडपत्र करायला भाऊ बहिणीला घेऊन आले, की अण्णा भावांना बाहेरच्या बाकावर बसवायचे आणि बहिणीशी एकट्यानं बोलायचे. दार उघडं ठेवून, पण आवाज हळू. तिला किती हिस्सा आहे, त्याची आजच्या भावानं किंमत काय, सही केली की पुन्हा मागता येत नाही, हे सांगून विचारायचे, "बाई, माहेरपण टिकावं म्हणून सोडताय, की खरंच नको आहे?" एकदा कार्वे नाक्याकडून आलेल्या एक बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नव्हतं." त्या दिवशी दस्त झाला नाही. भाऊ तणतणत गेले. सहा महिन्यांनी तेच भाऊ बहिणीच्या नावानं वीस गुंठे काढून द्यायला परत आले. मी तेव्हा नुकतीच सनद घेऊन त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसू लागले होते.

कायदा असा आहे : महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क मिळाला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर विवाहित-अविवाहित हा फरक गेला. आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटप झालं असेल तर ते उलटत नाही. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकाकडं नोंदणी लागते. तलाठ्याकडं नुसता जबाब देऊन बहिणीचा हक्क जात नाही. बहिणीशी वेगळं बोलायची अण्णांची पद्धत आपल्या कार्यालयात चालू राहील.

तारखा

अण्णांच्या डायरीतल्या सगळ्या तारखा माझ्या डायरीत उतरवल्या आहेत आणि कोर्टाच्या बोर्डाशी, म्हणजे रोजच्या कामांच्या यादीशी, ताडून पाहिल्या आहेत. तरी तुम्हीही पाहा. प्रत्येक केसला १६ अक्षरी सीएनआर नंबर असतो, आपल्याकडचा 'एमएच'नं सुरू होतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख दिसते. कार्यालयात या, नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ.

तारीख चुकून दावा काढून टाकला गेला किंवा एकतर्फी हुकूमनामा झाला, तर अर्ज करायला ३० दिवस मिळतात. पक्षकार वारल्यास वारस ९० दिवसांत दाखल करावे लागतात. घरात असं काही घडलं तर दुःखातही एक फोन करा.

उच्च न्यायालयाच्या कामांसाठी आता मुंबई गाठायची नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सातारा जिल्हा आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून, दप्तर मांडीवर घेऊन मुंबईला जाणाऱ्या अण्णांनी या बेंचसाठीच्या आंदोलनात कितीतरी वेळा कोर्टाबाहेर बैठक मारली होती. बेंच सुरू झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी आधी आईला हाक मारून सांगितलं.

वेळ

कार्यालय पूर्वीसारखंच सकाळी साडेआठला उघडेल. ही वेळ कशी ठरली, ते बहुतेकांना माहीत नसेल. आईचे गुडघे दुखू लागल्यापासून सकाळचा चहा अण्णा करायचे. तिच्यासोबत बसून तो प्यायल्याशिवाय ते खाली येत नसत. संध्याकाळी सातनंतर नातवंडांचा अभ्यास असायचा, म्हणून सातला बंद. लांबून आलेला पक्षकार मात्र जेवल्याशिवाय परत जात नसे. आईनं तेवढं चालू ठेवायला सांगितलं आहे.

अण्णांची खुर्ची जागेवरच आहे. परत द्यायच्या फायलींचे गठ्ठे गाववार बांधून सध्या तिच्याजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. येताना फाइलची जुनी पावती असेल तर आणा, नसली तरी चालेल. यादीवर तुमची सही आहेच.