उभ्या इंजिनाची धडधड: मॉडेल डिझेलला आवाज कसा मिळाला

मिरज जंक्शनवर रात्री गाडी थांबली की डोळे न उघडताही कळायचं, पुढे डिझेल लागलंय. गाडी जागची हलत नसायची, पण इंजिन गप्प नसायचं. डब्ल्यूडीएम-2 या भारतीय डिझेलचं सोळा सिलिंडरचं धूड मिनिटाला 400 फेऱ्यांवर धडधडत उभं असायचं. मग गार्डाची शिट्टी, भोंगा, आवाज चढायला लागायचा, आणि त्यानंतर कुठे डब्यांना हिसका बसायचा. आधी आवाज, मग चाक. एवढा साधा क्रम मॉडेल रेल्वेवाल्यांना साधायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला.

याचं कारण डिझेल इंजिनाच्या पोटात आहे. वाफेच्या इंजिनाचा आवाज चाकाला बांधलेला असतो. दोन सिलिंडरचं साधं इंजिन चाकाच्या एका फेरीत चार वेळा 'भक' करतं. वेग वाढला की भकभक दाट होते, थांबलं की थांबते. डिझेलमध्ये हे नातंच तुटलेलं आहे. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज चाकांजवळच्या मोटरांना जाते. चालक आठ नॉचमधून, म्हणजे हँडलच्या टप्प्यांमधून, इंजिनाची ताकद वरखाली करतो, आणि कानावर पडतो तो त्या नॉचचा आवाज. चढावर लांबलचक मालगाडी ताशी पंधराने रांगत असेल तेव्हा इंजिन आठव्या नॉचवर बोंबलत असतं. तीच गाडी सपाटीवर वेगात आपोआप घरंगळत असेल तर इंजिन जवळजवळ पेंगत असतं. चाक बघून आवाज ओळखता येत नाही, आणि आवाज ऐकून चाक.

खेळण्यातल्या गाड्यांना आवाज द्यायची हौस मात्र जुनी. अमेरिकेत लायोनेल या खेळण्यांच्या कंपनीने 1935मध्ये टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, शिट्टी बसवली. रुळात एसी वीज असायची. बटण दाबलं की तिच्यावर थोडी डीसी चढायची आणि टेंडरमधला रिले तेवढी ओळखून शिट्टीचा पंखा चालू करायचा. आजच्या नजरेनेही ही युक्ती झकास आहे, कारण रुळांतून वीजही गेली आणि निरोपही. 1948मध्ये लायोनेलचं एफ3 हे डिझेल आलं, त्याच्या पोटात भोंग्यासाठी चक्क टॉर्चचा जाडा सेल होता. जुन्या एफ3चा सौदा करणारे आजही आधी आतली बाजू बघतात: कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी सेल काढायला विसरलेला असतो आणि त्याने गळून सगळं खाल्लेलं असतं.

पण भोंगा म्हणजे इंजिनाचा आवाज नव्हे. हौशी मंडळींचं मुख्य माप झालं एचओ, म्हणजे 1:87. त्यात रूळ 16.5 मिलिमीटरचे आणि वीज 12 व्होल्ट डीसी. व्होल्ट वाढवले की गाडी पळते, शून्य केले की थांबते. इथेच घोडं अडलं. गाडी उभी म्हणजे रुळात वीजच नाही. मग उभं इंजिन धडधडणार कशावर? वाफेच्या इंजिनाचं तसं अडलं नाही. ते उभं असताना गप्प राहिलं तरी फारसं बिघडत नाही, आणि चाकाच्या आसावर एक छोटा संपर्क बसवला की भकभक जुळते. पितळी वाफेच्या मॉडेलांना आवाज देणारे संच म्हणूनच आधी आले. डिझेलच्या वाट्याला गुणगुणणारी मोटर आणि दाते खडखडणारे गिअर, एवढंच संगीत होतं.

या काळात डिझेलवाल्यांनी सगळा जीव ओतला तो रूपावर. अमेरिकेतल्या अॅथर्नची निळ्या खोक्यातली डिझेलं स्वस्त आणि दणकट होती, पण मोटर मावावी म्हणून त्यांच्या काही इंजिनांचं हुड, म्हणजे मोटरीवरचं कवच, मापापेक्षा रुंद केलेलं. कठड्याच्या सळया जाड्या, चढायच्या हातधरण्या प्लॅस्टिकमध्येच उठावाने ओतलेल्या. मग लोक ब्लेडने त्या खरवडून काढायचे, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक भोकं हाताने पाडायचे आणि तारेच्या हातधरण्या एकेक करून बसवायचे. एका इंजिनाला अशा वीस-तीस. डिटेल असोसिएट्स, कॅल-स्केल, डिटेल्स वेस्ट ही नावं त्यातूनच घरोघर झाली: कुणाचा भोंगा, कुणाची घंटा, कुणाच्या ब्रेकच्या नळ्या. ओरेगनच्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांची डबे जोडायची केडी कपलिंग तर आधीपासून होतीच. फोटो समोर ठेवून एका ठरावीक नंबरचं इंजिन, ठरावीक वर्षी जसं दिसायचं तसं करायचं, ही शिस्त या मुक्या काळात रुजली. तिचा उपयोग पुढे आवाजाला झाला.

वेगवेगळ्या इंजिनांना एकाच रुळावर वेगवेगळे हुकूम देण्याचे प्रयत्न 1960च्या दशकापासून सुरू होते. जनरल इलेक्ट्रिकच्या अॅस्ट्रॅकवर पाच गाड्या स्वतंत्र चालायच्या. ब्रिटनच्या हॉर्नबीने 1979मध्ये झिरो-1 आणलं, त्यात सोळा. दर कंपनीची भाषा निराळी, त्यामुळे एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर मुकं आणि लुळं. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीचा पाया घेऊन खुलं मानक तयार केलं. तेच डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल.

डीसीसीत रुळांवर पूर्ण वीज कायम असते, चौदा-पंधरा व्होल्टच्या आसपास, गाडी उभी असो वा पळत असो. विजेची दिशा सतत उलटसुलट होते आणि त्या उलटण्याच्या लांबीत निरोप दडलेला असतो: 58 मायक्रोसेकंदांचा पलटा म्हणजे 1, शंभर किंवा त्याहून लांब म्हणजे 0. इंजिनातला डीकोडर, म्हणजे हे निरोप वाचणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी, आपला पत्ता आला की हुकूम पाळतो, बाकीचे सोडून देतो. हे सगळं एकाच रुळावर दोन गाड्या चालाव्यात म्हणून केलं होतं. पण डिझेलची जुनी अडचण त्यात जाता जाता सुटली. उभ्या इंजिनालाही आता वीज होती, आणि वेग व आवाज यांना वेगळे हुकूम देता येत होते. माझ्या मते डीसीसीची खरी कमाई हीच. दोन गाड्या तर जुन्या पद्धतीतही रुळांचे तुकडे पाडून चालवत होतेच लोक.

कोलोरॅडोतल्या ड्युरँगोच्या साउंडट्रॅक्सने 1990च्या दशकाच्या मध्यावर आवाजाचा डीकोडर आणला. जर्मनीच्या ईएसयूचा लोकसाउंड दशकाच्या अखेरीला आला. त्यात संगणकावरून आपल्या पसंतीचा आवाज भरता यायचा. 2002च्या सुमारास ब्रॉडवे लिमिटेडने कारखान्यातूनच बोलकी इंजिनं द्यायला सुरुवात केली आणि आवाज ही सोल्डरिंग येणाऱ्यांची मक्तेदारी राहिली नाही.

हे आवाज खऱ्या इंजिनावर माइक लावून घेतात. त्यात एक गंमत आहे. पळत्या इंजिनावर वारा, रूळ, डबे सगळंच ऐकू येतं, म्हणून ध्वनिमुद्रण उभ्या इंजिनावर करतात. जनरेटरची वीज चाकांकडे न पाठवता रोधांमध्ये जाळायची, म्हणजे इंजिन जागेवर उभं राहून आठव्या नॉचपर्यंत खरोखर ओझ्याखाली कण्हतं. प्रत्येक नॉचचा सलग आवाज आणि एका नॉचवरून दुसऱ्यावर जातानाचा चढ-उतार असे तुकडे घेतात, आणि डीकोडर ते सांधे न दिसता जोडत राहतो. यात इंजिनांचे स्वभाव उघडे पडतात. अमेरिकेच्या ईएमडी कंपनीची जुनी 567 आणि 645 ही इंजिनं टू-स्ट्रोक, दर फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटतो, म्हणून सलग घुमारा. तिथल्याच अल्को कंपनीचं 251 फोर-स्ट्रोक, एकाआड एक फेरीला पेट, म्हणून ती ठसठशीत 'धक-धक'.

आवाज आला आणि रूपवाल्यांची पंचाईत झाली. टपावर नेथन कंपनीचा पाच कर्ण्यांचा भोंगा बसवलेला आणि स्पीकरमधून एकसुरी भोंगा, हे कान तयार झालेल्याला खपत नाही. एकसुरी भोंग्याचा इतिहासही मजेशीर आहे: सुरुवातीच्या डिझेलांचे भोंगे फाटकावरच्या लोकांना ट्रकचेच वाटायचे, म्हणून कॅनडाच्या रॉबर्ट स्वॉन्सन यांनी अनेक सुरांचे भोंगे घडवले. फाटकाजवळ दोन लांब, एक आखूड, एक लांब हा अमेरिकी क्रम आता हौशी मंडळीही अंगठ्याने वाजवतात.

दुसरी पंचाईत जागेची. एव्हाना हुड मापात अरुंद झालं होतं, आत मोटर आणि वजनाचा शिसाचा ठोकळा, आणि आता तिथे स्पीकर हवा. स्पीकर उघडा ठेवला तर पुढची आणि मागची लहर एकमेकींना खाते, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. मागे बंद खोकं लागतंच. सुटका केली मोबाइल फोनने. फोनसाठी घडलेले चिमुकले स्पीकर हौशी लोकांनी उचलले. साखरेच्या चौकोनी वडीएवढ्या त्या डबीतून निघणारा दणका ऐकून पहिल्यांदा मी इंजिनाखाली वाकून पाहिलं होतं.

चालवण्याची पद्धतही बदलली. मुकी गाडी लोक भरधाव सोडायचे, बोलकी गाडी तशी सोडली तर ओंगळ वाटते. प्रत्येक डीकोडरमध्ये सीव्ही नावाचे आकड्यांचे कप्पे असतात: तिसऱ्यात वेग घेण्याचा संथपणा, चौथ्यात थांबण्याचा. तिथे मोठे आकडे भरले की गाडी शेकडो टनांची असल्यागत वागते. लोकसाउंडच्या नव्या पिढ्यांत तर एक बटण वेग जागेवर धरून ठेवतं आणि नॉब फक्त इंजिनाचा आवाज वरखाली करतो. चढावर तोच वेग, आठवा नॉच. ब्रेकला वेगळं बटण. शंटिंग करताना दोन डबे जोडायला आता पाच मिनिटं लागतात, आणि कुणाची तक्रार नसते. मळक्या रुळावर किंवा सांध्यावर वीज क्षणभर तुटली की आवाज बंद पडून इंजिन पुन्हा 'स्टार्ट' व्हायचं, तेव्हा मात्र चारचौघांत हसू व्हायचं. त्यावर कपॅसिटरचा साठा जोडणं हा उपाय.

हातून चुकाही होतात. सुरुवातीला मी नव्या इंजिनाला पत्ता दिला तो वेगळ्या तुकड्यावर न नेता, चालू रुळावरच. तिथे उभी असलेली चारही इंजिनं एकाच पत्त्याची झाली आणि भोंग्याचं बटण दाबताच चौघांनी एकदम बोंब ठोकली. बहुतेक डीकोडरमध्ये सीव्ही 8मध्ये 8 लिहिलं की सगळं मूळपदावर येतं. मी तेही केलं, अर्थात त्याच रुळावर.

आपल्याकडे ही हौस मूठभरांची. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998मध्ये सुरू झालं, माझ्यासारख्या अनेकांनी मॉडेल रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती तिथे. भारतीय डिझेल एचओत करायचं तर पहिली अडचण रुळांची: आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, 1:87मध्ये तो सव्वाएकोणीस भरतो, आणि रूळ मिळतात 16.5चे. आवाजाचं त्या मानाने सोपं वाटतं, कारण डब्ल्यूडीएम-2 मुळात अल्कोचंच. ती 1962मध्ये अमेरिकेतून आली, 1964पासून वाराणसीत बनू लागली, आणि पोटातलं इंजिन तेच 251. म्हणून इथले बहुतेक जण अमेरिकन अल्कोचा आवाज भरून फक्त भोंगा आपला घालतात.

मला धडधडही आपलीच हवी होती. स्टेशनांवर फोनवर घेतलेल्या आवाजांत निम्म्या ठिकाणी 'यात्रीगण कृपया ध्यान दें' आहे, उरलेल्यांत चहावाला. शिवाय फलाटावरून सुटताना चालक वरचे नॉच घेतो तोवर इंजिन पार पुढे गेलेलं असतं. आठव्या नॉचचा स्वच्छ तुकडा फक्त शेडमध्ये लोड बॉक्सवर, म्हणजे वीज रोधांत जाळून, चाचणी चालू असताना मिळेल, आणि विद्युतीकरणामुळे अल्को एकेक करून भंगारात निघाल्यात. माझ्या डब्ल्यूडीएम-2मध्ये तिसऱ्या नॉचपर्यंत मिरजेचा फलाट वाजतो. चौथ्यापासून पुढे अमेरिका सुरू होते.