सिस्टिक फायब्रोसिसमधली व्यायामक्षमता : मोजणीची पार्श्वभूमी

डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली सिस्टिक फायब्रोसिसचे, म्हणजे फुफ्फुसात आणि स्वादुपिंडात चिकट स्राव साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, वर्णन केले तेव्हा हा आजार बहुतेक मुलांना लहानपणीच गाठून संपवत असे. ही मुले किती धावू शकतील, हा प्रश्न पडायलाही त्या काळी जागा नव्हती. प्रतिजैविके, स्वादुपिंडाची (पॅनक्रियाजची) पाचक एन्झाइम्स आणि छातीची फिजिओथेरपी यांमुळे आयुष्य लांबले, तसा तो प्रश्न उभा राहिला.

१९७१ मध्ये सायमन गॉडफ्रे आणि मार्गारेट मर्न्स यांनी या मुलांची फुफ्फुस-तपासणी आणि श्रमाला शरीर देत असलेला प्रतिसाद एकत्र मांडला. गॉडफ्रे यांच्या नावाची सायकल-चाचणी आजही मानक मानली जाते. दर मिनिटाला पॅडलवरचा भार वाढवायचा: उंची १२० सेंमीपेक्षा कमी असेल तर १० वॅट, १२० ते १५० सेंमी असेल तर १५ आणि त्याहून जास्त असेल तर २० वॅट. मास्कमधून श्वासातले वायू मोजायचे आणि पाय थकून वेग टिकेनासा झाला की थांबायचे. हाती येतो तो ऑक्सिजन-वापराचा कमाल आकडा. चाचणी बिघडते ती बहुधा क्षुल्लक कारणांनी. मास्क नाकाजवळ सैल राहिला की हवा निसटते आणि आकडा खोटाच कमी येतो. हँडल घट्ट आवळल्याने बोटावरचा ऑक्सिमीटर चुकतो, म्हणून सेन्सर कपाळावर किंवा कानाला लावणे बरे. रुग्णाने खरोखर पूर्ण जोर लावला का, ही शंका तर कायमचीच. त्यासाठी थोड्या विश्रांतीनंतर आधीच्या कमाल भाराच्या ११०% भारावर पुन्हा पॅडल मारायला लावण्याची पद्धत अलीकडे रूढ होते आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर १९९२ मध्ये मिळाले. पॅट्रिशिया निक्सन, डेव्हिड ओरेनस्टीन आणि सहकाऱ्यांनी १०९ रुग्णांची आठ वर्षांची वाटचाल तपासली. ज्यांचा ऑक्सिजन-वापर अपेक्षित आकड्याच्या ८२% किंवा जास्त होता त्यांतले ८३% जिवंत होते. ५९ ते ८१% गटात ५१%. आणि ५८% किंवा कमी असलेल्यांत अवघे २८%. मात्र १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात एफईव्ही१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा, हाच जास्त भरवशाचा निर्देशक ठरला. २०१९ मध्ये अनेक केंद्रांतल्या ४३३ रुग्णांच्या माहितीने ऑक्सिजन-वापराचे स्वतंत्र महत्त्व पुन्हा दाखवून दिले. आमच्या मते दोन्ही मोजावेत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. आजार सौम्य असताना पाय, पोषण आणि सराव क्षमता ठरवतात. फुफ्फुस बरेच खराब झाले की श्वास पुरेनासा होतो, श्रमात ऑक्सिजनची पातळी घसरते आणि पाय शाबूत असूनही माणूस थांबतो.

सायकल आणि वायू-विश्लेषक नसेल तेथे साधनेही साधी. १५ सेंमीच्या पायरीवर मिनिटाला ३० वेळा, तीन मिनिटे चढ-उतार करण्याची चाचणी १९९८ ची. बऱ्या तब्येतीच्या मुलांना ती फारच सोपी जाते. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीचेही तेच. शटल धावणे, म्हणजे दोन खुणांमध्ये वाढत्या वेगाने ये-जा करणे, त्यापेक्षा उपयोगी.

मिठाचा धागा वेगळाच. १९४८ च्या न्यूयॉर्कमधल्या उष्णतेच्या लाटेत ही मुले कोसळली आणि पॉल दि सांत'आन्येझे यांनी १९५३ मध्ये त्यांच्या घामातले जादा मीठ दाखवले. चार दशकांनी ओडेड बार-ओर यांच्या गटाला आढळले, की उष्णतेत व्यायाम करताना ही मुले गरजेपेक्षा कमी पाणी पितात. घामात मीठ फार गेल्याने रक्त तितके दाट होत नाही आणि तहानेची हाकच दबते. म्हणूनच 'तहान लागली की पी' हा सल्ला येथे चालत नाही. ठरलेल्या वेळी, मीठ घातलेले पेय द्यावे लागते.

प्रशिक्षणाचा इतिहासही अपेक्षाभंगाचाच. १९८१ मध्ये ओरेनस्टीन यांच्या तीन महिन्यांच्या धावण्याच्या कार्यक्रमाने ऑक्सिजन-वापर वाढला, फुफ्फुसाचे आकडे मात्र तसेच राहिले. २००२ च्या एका अभ्यासात रुग्णालयात दाखल मुलांपैकी एरोबिक व्यायामवाल्यांची क्षमता वाढली, तर वजने उचलणाऱ्यांचे वजन आणि ताकद. गटाने व्यायाम करण्याची सोय बर्खोल्डेरिया या एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जिवाणूच्या संसर्गभयाने बंद झाली. आता दोन रुग्ण एका खोलीत सायकल चालवत नाहीत.

२०१२ पासून आलेल्या सीएफटीआर-मॉड्युलेटर औषधांनी, म्हणजे आजाराच्या मुळाशी असलेल्या बिघडलेल्या प्रथिनाचे काम सुधारणाऱ्या गोळ्यांनी, एफईव्ही१ झपाट्याने सुधारतो, पण व्यायामक्षमता त्याच पटीत वाढेलच असे नाही. वर्षानुवर्षे न वापरलेले स्नायू गोळीने तयार होत नाहीत. शिवाय वजनही वाढते. ऑक्सिजन-वापर मिनिटाला १.८ लिटरवरून १.९ झाला आणि वजन ५० वरून ५६ किलो, तर दर किलोचा आकडा ३६ वरून सुमारे ३४ मिलिलिटरवर घसरतो. तेव्हा अहवालात दोन्ही आकडे लिहावेत: लिटरमधला आणि दर किलोचा.