तार एकच, ऐकायच्या जागा दोन

‘साठ वर्षांचं लाकूड आहे, वाळून वाळून आता गायला लागलंय.’ जुन्या इलेक्ट्रिक बेस गिटारचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. हे खोडून काढल्याशिवाय मला राहवत नाही, कारण या वाद्यांच्या आवाजामागचं खरं कारण कितीतरी सुंदर आहे आणि ते शाळेतल्या भौतिकशास्त्रातून समजतं.

साध्या गिटारमध्ये लाकडाची फळी थरथरते आणि हवा हलवते. तिथे लाकडाला मान आहेच. भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक बेसमध्ये मात्र आवाज पकडतो तो पिकअप. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरेडेचा नियम, दुसरं काही नाही. लाकूड तारेची थोडी ऊर्जा खातं, त्यामुळे स्वर किती वेळ टिकतो यात थोडाफार फरक पडेल. पण दोन मॉडेल वेगळी का वाजतात हे शोधायचं तर आधी पिकअप कुठे बसवलाय ते बघावं.

फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस 1951 साली आली आणि 1960 साली जॅझ बेस. दोघींच्या तारांची लांबी सारखीच, 34 इंच म्हणजे 864 मिलिमीटर. सर्वांत जाड तार दोन्हीकडे सेकंदाला 41.2 वेळा कंप पावते. जॅझची मान वरच्या टोकाला अरुंद आहे, साधारण 38 मिलिमीटर. प्रिसिजनची 44. हा फरक बोटांना कळतो, पण कानाला कळणारा फरक पिकअपमध्ये आहे. प्रिसिजनला एक पिकअप, जॅझला दोन.

आता तारेकडे जवळून बघू. छेडलेली तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. अख्खी तार हलते, त्याच वेळी दोन भागांत हलते, तीन भागांत, चार भागांत... हे तिचे हार्मोनिक. दोन भागांच्या सांध्यावर तार स्थिर असते, तो निस्पंद बिंदू. आणि महत्त्वाचं म्हणजे शेजारशेजारचे दोन भाग नेहमी उलट दिशेला जातात. एक वर, तर दुसरा खाली. पिकअप बिचारा एका जागी बसलेला. त्याच्यावर निस्पंद बिंदू आला, तर तो हार्मोनिक त्याला ऐकूच येत नाही.

साठच्या दशकातल्या जॅझ बेसवर एक पिकअप ब्रिजपासून सुमारे 15 सेंटीमीटरवर आहे, दुसरा सुमारे 6 सेंटीमीटरवर. (ब्रिज म्हणजे सतारीची घोडी म्हणा.) आठवा हार्मोनिक घ्या. 864 भागिले 8, म्हणजे प्रत्येक भाग 108 मिलिमीटरचा. ब्रिजजवळचा पिकअप पहिल्या भागाच्या पोटाखाली येतो आणि दुसरा पिकअप दुसऱ्या भागाच्या पोटाखाली. एकाला तार वर जाताना दिसते त्याच क्षणी दुसऱ्याला खाली येताना. दोघांची बेरीज जवळजवळ शून्य! नवव्या हार्मोनिकचा भाग 96 मिलिमीटरचा, तिथेही तेच. जाड तारेवर या दोघांची वारंवारता 330 ते 370 हर्ट्झ. जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडल्यावर आवाजाच्या मधोमध जो खळगा ऐकू येतो, तो हा.

पडदा दाबून तार आखूड केली तरी हा खळगा जागचा हलत नाही. जाड तारेवर तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे 71 मीटर असतो आणि तो ताण व वजनावर ठरतो, लांबीवर नाही. पिकअपचं ब्रिजपासूनचं अंतरही तेच राहतं. म्हणून रद्द होणारी तरंगलांबी तीच आणि वारंवारताही तीच, फक्त तिथे येणाऱ्या हार्मोनिकचा क्रमांक बदलतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिजकडचा पिकअप सुमारे एक सेंटीमीटर ब्रिजकडे सरकवला गेला. वरचं गणित पुन्हा करून बघा, खळगा थोडा बदलतो. शिवाय ब्रिजला लागून तार खालच्या हार्मोनिकमध्ये फारशी हलतच नाही, त्यामुळे त्या पिकअपचा एकट्याचा आवाजही जास्त बारीक आणि टोकदार होतो. जुन्या जॅझमध्ये साठचं आणि सत्तरचं दशक ऐकून ओळखणारे लोक असतात, त्यांचे कान खोटं बोलत नाहीत.

प्रिसिजनचा पिकअप 1957 पासून दोन तुकड्यांत आहे, तरी असा खळगा पडत नाही. कारण दोन जाड तारा एका तुकड्यावर, दोन बारीक दुसऱ्यावर. प्रत्येक तारेला ऐकणारा एकच. मग दोन तुकडे कशाला? विजेच्या घरघरीसाठी. ती दोन्ही तुकड्यांत सारखीच शिरते, पण एकाचे वेढे उलटे घातले की दोन्ही घरघरी एकमेकींना खोडतात. जॅझमध्येही हीच युक्ती आहे, पण तिथे तार दोन्ही पिकअपवरून जाते. नुसते वेढे उलटले तर तारेचा आवाजही खोडला जाईल. म्हणून चुंबकही उलटा. वजा गुणिले वजा, अधिक. जॅझ बेस हातात आली तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि तारांना हात न लावता एक नॉब हळूच मागे फिरवा. शांत अँप कुरकुरायला लागतो. नॉब पुन्हा पुढे, पुन्हा शांत. मी हे कितीदा केलं असेल, दर वेळी तितकाच आनंद होतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. गिब्सनच्या ईबी-0 ची तार 30.5 इंचांची. तोच स्वर तशाच तारेवर काढायला ताण सुमारे 20 टक्के कमी लागतो, आणि पिकअप मानेला चिकटलेला, म्हणून आवाज जाडजूड, गोल. 1961 च्या रिकेनबॅकर 4001 मध्ये ब्रिजकडच्या पिकअपच्या वाटेत एक छोटा कपॅसिटर आहे. तो खर्ज अडवतो आणि खणखणाट पुढे सोडतो. हॉफनरची 500/1 मात्र आतून पोकळ आहे, तिथे लाकडाचं म्हणणं ऐकावं लागतं.

आता जेम्स जेमर्सन. डेट्रॉईटमध्ये मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारा हा माणूस 1962 ची प्रिसिजन वापरायचा. गुळगुळीत वेटाळलेल्या जाड तारा, त्याही तुटेपर्यंत न बदललेल्या, आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. जुनी, मळलेली तार आणि फोम दोन्ही वरचे हार्मोनिक चटकन मारतात, उरतो तो भरदार ठोका. ‘जुन्या लाकडाचा आवाज’ म्हणून आज जो शोधला जातो, तो बराचसा हाच. ती गाणी ध्वनिमुद्रित झाली तेव्हा त्या बेसचं लाकूड जेमतेम काही वर्षांचं होतं.